कानानं बल्ब पाहणारा माणूस

बल्ब हातात घेतला की ते आधी कानाशी नेत. डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून, हलकेच हलवत. आत तुटक्या तारेची किणकिण ऐकू आली तर तोंड पाडून म्हणत, "गेला बिचारा." नाही आली तर चेहरा खुलायचा, "जिता हाये. घेऊन जा."

गिऱ्हाईक वैतागायचं. काच स्वच्छ, तार समोर दिसते आहे, मग कानाशी काय नेता? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "बल्ब कानानं पाहावा लागते बापा. डोळा फसवते."

हे "डोळा फसवते" मी इतकं ऐकलं की पुढे पुढे मीच त्यांच्या आधी म्हणून टाकायची आणि ते हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि त्याला लागून आमची ओसरी. ओसरीवर माझं शिवणयंत्र. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि मीही नुकतीच लग्न होऊन चिचगडहून आले होते. चिचगडला आमच्याकडे चिमणी आणि कंदील. इथं बटण दाबलं की उजेड! मी येता-जाता बटण दाबून बघायची आणि सासूबाई आतून ओरडायच्या. माझ्या यंत्रावरचा बल्ब याच गृहस्थांनी लावून दिला. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. त्यांची बायको वारली होती. घरात ते आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी शेवंता, दोघंच.

माझं तोंड तेव्हाही तिखट होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "भाऊ, तेल नाही, वात नाही, मग आत जळतं तरी काय?"

"जळत नाही, तेच तं कौतुक हाये!" ते स्टुलावर मांडी घालून बसलेच. "ते तार तापते. तापून तापून लाल होते, मंग पिवळी, मंग पांढरी. हवा लागली का जळून खाक. म्हनून काचेतली हवा काढून घेते. हवाच नाही तं जळन कशी?"

कोणीही शेजारी असतं तर एवढ्यावर थांबलं असतं. हे थांबणारे नव्हते. दुकानातून एक जुनाट बल्ब घेऊन आले, खाली काचेचं टोक निघालेला, आत केसासारखा काळा वेढा. "हे कोळशाची तार. ह्याचा उजेड तांबूस, चुलीवानी." मग दुसरा आणला, त्यात धातूची बारीक तार घडी घालून टांगलेली. मग तिसरा, भारी, त्यातली हवा काढून दुसराच एक वायू भरलेला. "काऊन भरते सांगा बरं? तार तापली का तिचा अंश उडते, काचेवर बसते, काच काळी होते, तार झिजून तुटते. हा वायू तिले उडू देत नाही. म्हनून हा जास्ती तापवता येते. जास्ती तापला का जास्ती पांढरा." माझ्या पोळ्या राहिल्या त्या राहिल्याच.

दुकानात बल्ब विकणं हा त्यांचा जोडधंदा. खरं काम रोशनाईचं. लग्न असो, गणपती असो, मिलवाल्या सेठांकडे दिवाळी असो, बल्बांच्या माळा यांच्याच. तेव्हा रंगीत काचेचे बल्ब कुठले मिळायला! ते साधेच बल्ब घेत, स्पिरिटात चपडा लाख विरघळवून त्यात रंग घालत आणि एकेक बल्ब बुडवून वाळत ठेवत. वाळलेले बल्ब टोपल्यांत. लाल टोपली दाराशी, तिच्या पलीकडे केशरी, मग निळी, आणि हिरवी पार कोपऱ्यात. या टोपल्यांना कोणी हात लावला की एरवीचा हा मऊ माणूस असा काही उखडायचा की गल्ली गोळा व्हायची. मी म्हणायची, असतो एकेकाला सोवळ्याचा रोग.

आणि रंग कालवताना दरवेळी डबी घेऊन माझ्या ओसरीवर हजर. "बाई, तुमी बायका याले काय म्हनता?"

"हिरवा. अजून काय म्हणणार?"

"नाही, तुमची लय नावं राहते नं. आमसुली, डाळिंबी, मोरपंखी. म्हटलं याले काही येगळं म्हनत असान."

मी चिडायची. माझ्या दोऱ्याच्या रिळांकडे बघूनही तेच. "हे डाळिंबी का? अन् हे?" मला वाटायचं, बायकांची थट्टा करतात. मीही मग मुद्दाम लांबलचक नावं सांगायची, "हा कोवळ्या कैरीचा, हा पिकल्या मिरचीचा." ते मनापासून मान हलवत ऐकायचे, डबी घेऊन परत जायचे. माझ्या मेलीच्या डोक्यात कधी आलं नाही की हा माणूस रोज माझे डोळे उसने नेतो आहे.

पुढे काही वर्षांनी गोंदियात ट्यूबलाइट आली. बाजारातल्या मोठ्या कापड दुकानात पहिली लागली तेव्हा बघायला गर्दी. बटण दाबलं, दोन्ही टोकांना लुकलुक झाली, पुन्हा विझली, पुन्हा लुकलुक, आणि एकदम पांढराफेक उजेड पडला. बायका एकमेकींची तोंडं बघून म्हणाल्या, अगं बाई, आजारी आहेस का? भाऊ मात्र हरखून गेले. परत येताना रस्ताभर सांगत होते.

"त्याच्यात तार तापून उजेड पडत नाही, बाई. आत पाऱ्याची वाफ राहते. तिच्यातून वीज गेली का तिचा उजेड पडते, पन तो उजेड आपल्याले दिसतच नाही!"

"दिसत नाही तर उजेड कसला?"

"राहते, पन दिसत नाही. काचेले आतून पांढरं पीठ लावलं राहते, ते पीठ त्याचा दिसनारा उजेड करते. पीठ नसतं तं कोनालेच काही दिसलं नसतं."

"कोणालाच?"

"कोनालेच नाही! सेठ असो का हमाल असो." हे त्यांनी इतक्या समाधानानं म्हटलं की मी वळून बघितलं. एखाद्याला पाऱ्याच्या वाफेचं एवढं सुख कशाला व्हावं, मला काही कळलं नाही.

दिवस जात होते. शेवंता सतरा वर्षांची झाली. अर्जुनी मोरगावच्या शाळेतल्या एका मास्तराचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शांत. मुलाचा बाप जरा कडक, पण बोलणी पुढे सरकली होती. भाऊंनी मला साडीचा काठ कसा असावा इथपर्यंत विचारून झालं होतं. बिनआईची पोर, तिचं नीट पार पडावं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात. तेवढी झाली की मी मोकळा, म्हणायचे.

त्याच साली स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली. चौकातल्या दुमजली धर्मशाळेच्या माथ्यावर बल्बांचा मोठा तिरंगा करायचं ठरलं. कमिटीचे सेठजी दुकानात येऊन म्हणाले, "ऐसा झंडा बनाओ मास्टर, कि पूरा गोंदिया देखता रह जाए." भाऊंची छाती फुगली. मुलाच्या बापालाही त्यांनी निरोप धाडला, पंधरा ऑगस्टला रोशनाई पाहायला या, मुक्कामच करा.

नेमकं त्याच वेळी चिचगडहून सांगावा आला की माझी आई अंथरुणाला खिळली आहे. मी गेले. आठवड्यानं परतले ती पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळीच. बस चौकाजवळ थांबली, बोचकं काखेत मारून मी तशीच गर्दीत शिरले. दिवसभर पाऊस होता, तो नुकताच उघडला होता. धर्मशाळेवर बांबूचा सांगाडा आणि त्यावर ताडपत्री. भाऊंनी ते सगळं एकट्यानं, ताडपत्रीखाली बसून जोडलेलं. बटणाजवळ ते धुवट सदरा घालून उभे होते, गळ्यात तुळशीची माळ. ते भजनी मंडळातले, दर गुरुवारी झांज वाजवणारे. बाजूला शेवंता. थोडं मागे अर्जुनीचा पाहुणा, मुलाचा बाप, उपरणं सावरत. मला बघून भाऊंनी लांबूनच हात केला.

ताडपत्री ओढली. बटण दाबलं.

मध्ये पांढऱ्या पट्ट्यावर निळं चक्र, अगदी सुरेख. पण वर हिरवा आणि खाली केशरी.

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग एकच गलका, "उलटा है, उलटा! झंडा उलटा लगाया!" सेठजी लालबुंद होऊन पुढे आले.

भाऊ वर बघत होते आणि हसत होते. अजून हसतच होते. लोक वाहवा करताहेत असंच त्यांना वाटलं असावं. मग गलका कानावर आला तसं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळे लोकांच्या तोंडांवरून फिरू लागले. मी पोचले होते त्यांच्याजवळ. माझ्याकडे वाकून, ओठ न हलवता ते म्हणाले, "बाई, काय उलटं हाये?"

मी वर बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. आणि दहा वर्षांच्या सगळ्या डब्या, सगळी रिळं, कोवळी कैरी आणि पिकली मिरची एकदम माझ्या अंगावर आली. मी कसंबसं पुटपुटले, "वर हिरवा लागलाय, भाऊ."

"पीके आए हो क्या?" सेठजी गरजले. "दिखता नहीं? अंधे हो?"

तेवढ्यात शेवंता पुढे झाली. "बाबा, दुपारी कोपऱ्यात छत गळत होतं, म्हणून टोपल्या मी इकडच्या तिकडं—"

"तू गप!"

पोरीवर ते असे कधी ओरडले नव्हते. ती जागच्या जागी थिजली. भाऊंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागच्या पाहुण्याकडे, आणि खाली मान घालून म्हणाले, "हव सेठजी. घेतली होती थोडी."

घेतली होती! चहासुद्धा मोजून पिणारा माणूस. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटून घेतलं. गर्दीतून कोणी म्हणालं, गळ्यात माळ अन् पोटात मोहाची. शेवंतानं पदर तोंडाला लावला. तिला बापाची लाज वाटत होती आणि ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, भाऊंना सगळ्यांत जास्त. पोरांनी वर चढून पट्टे बदलले. भाऊ तोवर तिथंच उभे राहिले. निघून जावं हेही त्यांना सुचलं नाही.

सकाळी दुकानात गेले तर ते टोपल्यांसमोर बसलेले. मी दार लोटून घेतलं आणि भांडायलाच लागले. "काऊन सांगितलं असं? खरं सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी आवाज अगदी लहान करून सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेत सांधेवाले. मुलगाही रेल्वेत लागावा म्हणून डॉक्टरपुढे नेलं. डॉक्टरनं लोकरीच्या रंगीत लड्यांचा ढीग पुढे टाकला, म्हणाला, यातल्या हिरव्या काढ. यांनी काढल्या. डॉक्टर हसला, कंपाउंडरला बोलावलं, त्याला दाखवलं, तोही हसला. वडील दाराशी उभे होते. "घरापर्यंत माझा बाप माझ्यापुढं चालत गेला, बाई. मागं वळून पाह्यलं नाही. लोकाइले सांगे का छाती भरली नाही म्हनून. मरेपर्यंत तेच सांगे."

"म्हणून काय दारुडं म्हणवून घ्यायचं?"

"दारू सुटली असं म्हनता येते. डोळ्याचं काय सांगू? लोकं म्हनतीन, बापात हाये तं पोरीतही असन, तिच्या लेकरातही असन. कोन करन तिले? अन् मी टोपलीच्या जागेवरून रंग वळखतो, तिनं टोपल्या हलवल्या म्हनून हे झालं, हे तिले समजलं तं? जनमभर लावून घेईन पोरगी." मग त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे, त्यांच्याहून किती लहान मी! "तुमी बोलू नका बाई कुठं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पाहुणा थोड्या वेळानं आला. मी ओसरीवर यंत्राशी बसले आणि सुई नुसतीच खालीवर केली.

"लपवायचं काम नाही. केव्हापासून घेता?" त्यानं विचारलं.

"लय वर्षं झाली," भाऊ म्हणाले.

"किती घेता?"

इथं गडी अडला. पिणारा माणूस किती पितो, याची त्यांना कल्पनाच नव्हती. "एक लोटा," ते म्हणाले.

पाहुणा उडालाच. "एक लोटा! अन् जिवंत आहात?" मला हसू फुटलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणी आलं.

"सोडली आता," भाऊ घाईनं म्हणाले. "काल शेवटची. पोरीची शपथ घेऊन सांगतो, यापुढं शिवनार नाही." पाहुणा कडक होता पण वाईट नव्हता. पोरीकडे बघून म्हणाला, ठीक आहे, शपथ मोडली तर मग मी आहे आणि तुम्ही आहात.

भजनी मंडळानं तेवढीही दया दाखवली नाही. येऊ नका म्हणून निरोप आला. निरोप आणणारा दारातच उभा होता, तोच भाऊंनी माळ काढून खुंटीला अडकवली. गुरुवारी संध्याकाळी देवळातून टाळांचा आवाज यायचा. भाऊ दुकानाच्या पायरीवर बसून मांडीवर बोटांनी ताल धरायचे, आणि कोणी रस्त्यानं येताना दिसलं की बोटं थांबायची. रंगाच्या डब्या त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकल्या. आता फक्त साधे, पांढरे बल्ब. कानाशी नेणं तेवढं सुटलं नाही.

माघात लग्न झालं. मांडवात सगळे पांढरे बल्ब. वऱ्हाडातले म्हातारे काहीतरी बोलायच्या निमित्तानं त्यांच्या तोंडाजवळ नाक आणायचे, वास येतो का बघायला. भाऊंच्या ते लक्षात यायचं. ते निमूट तोंड उघडून, मोठा श्वास सोडून बोलायचे, म्हणजे समोरच्याची खात्री व्हावी. मला तिथं बसवेना. मी आत जाऊन उगाच ताटं पुसत बसले.

त्यानंतर ते दोनच वर्षं जगले. पावसाळ्यात ताप आला आणि त्यातच गेले. खांदा द्यायला भजनी मंडळातलेही आले. एक जण म्हणाला, "काही म्हणा, शेवटी सोडली होती पण त्यानं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी दाराच्या आड उभी राहून पदराचं टोक चावत होते. एकेकाची गचांडी धरावी असं वाटत होतं.

तेराव्याला शेवंता माझ्याजवळ येऊन बसली. शब्द घेणारा गेला होता, आता सांगून टाकावं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण तीच आधी बोलली. "बाई, आमच्याकडं सगळे बाबांचं नाव घेतात. इतक्या वर्षांची सवय माझ्यासाठी एका दिवसात सोडली त्यांनी. कोण सोडते हो?" असं अभिमानानं बोलत होती. तो अभिमान तिच्या हातातून काढून घेऊन मी तिला काय देणार होते? टोपल्या? मी गप्प बसले. आता शेवंताही नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मला मात्र ते आठवतात ते तिच्या पाठवणीच्या दिवशी, गोंदियाच्या स्टेशनवर. अर्जुनीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत वऱ्हाड चढलं होतं. शेवंता खिडकीत. रडून रडून तिचे डोळे सुजलेले. भाऊ खिडकीचा गज धरून उभे होते. गाडीनं शिटी दिली तशी ती बाहेर वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, पण मला ऐकू आलंच, "बाबा, पुन्हा घेऊ नका हं. माझी शपथ आहे."

"नाही घेत, माय," ते म्हणाले. "नाही घेत."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले. फलाट रिकामा झाला. मग माझ्याजवळ येऊन, इकडे तिकडे कोणी नाही असं बघून म्हणाले, "बाई, एक इचारू? हासू नका."

"विचारा."

"पोरीनं नेसलं होतं ते लुगडं कोनतं होतं?"

"हिरवं, भाऊ. हिरवंगार."

"असं का," ते म्हणाले. "मी दिवसभर लालच समजून राहिलो." मग उपरण्यानं डोळे पुसले. "पन गोड दिसत होती."